संगणक खरेदीतली उधळपट्टी कशी रोखावी: मोजणीपासून निर्लेखनापर्यंत

सरकारी कार्यालय असो, विद्यापीठ असो की सार्वजनिक रुग्णालय, संगणक खरेदीची फाइल बहुतेक ठिकाणी कोटेशनपासून सुरू होते. विक्रेत्याकडून दरपत्रक येतं, त्या आकड्याभोवती प्रस्ताव उभा राहतो आणि शेवटी त्या प्रस्तावाला शोभेल अशी गरज लिहिली जाते. सगळा क्रमच उलटा. दरात घासाघीस करून पाच-दहा टक्के वाचतात. जे यंत्र घ्यायलाच नको होतं त्याचे मात्र पूर्ण पैसे जातात, आणि पुढची काही वर्षं त्याच्या देखभालीचे वेगळे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन कंटाळवाणे आहेत, म्हणून लोक ते सोडून थेट चौथ्यावर उडी मारतात. वाचवण्यासारखा पैसा बहुतेक वेळा त्या तिघांतच अडकलेला असतो.

## तयारी: माणसं, कागद आणि वेळ

तीन माणसं लागतात: भांडार सांभाळणारा, लेखा शाखेतला एक, आणि दिवसभर संगणकावर बसून काम करणारा एक. तिसरा माणूस हमखास वगळला जातो. संगणक विभागातला माणूस सल्ल्याला हवाच, पण मोजणी एकट्या त्याच्यावर सोपवू नका. मागणी त्याची आणि तपासणीही त्याचीच, असं होता कामा नये.

कागद आधी एकत्र करा: डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), मागच्या तीन वर्षांची बिलं, चालू एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार त्यांच्या जोडपत्रांसह, लायसन्सची पत्रं आणि ईमेल, तक्रार नोंदवही. जोडपत्रं सापडत नाहीत असं उत्तर आलं तर ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. कोणत्या यंत्रांसाठी पैसे जातात ते फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

वेळेचं म्हणाल, तर आर्थिक वर्ष संपायला किमान तीन महिने असताना सुरुवात करा. अमेरिकेच्या संघीय खरेदीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च उरलेल्या वर्षातल्या सरासरी आठवड्याच्या ४.९ पट निघाला, आणि वर्षअखेरीस मंजूर झालेल्या माहिती तंत्रज्ञान प्रकल्पांची गुणवत्ताही खालची ठरली. निधी परत जाईल या भीतीने केलेली खरेदी सगळीकडे अशीच वागते.

## टप्पा १: आधी खोली, मग रजिस्टर

रजिस्टर हातात घेऊन मोजणी केली की माणूस फक्त रजिस्टरमधल्या वस्तू शोधतो आणि बरोबरच्या खुणा करत सुटतो. नोंद नसलेलं यंत्र समोर असूनही दिसत नाही. म्हणून उलटं करा. कोरी यादी घेऊन खोलीत शिरा, दिसेल ते लिहा आणि रजिस्टरशी मेळ नंतर घाला.

प्रत्येक यंत्रामागे एवढं लिहा: खोली, वापरणाऱ्याचं पद, सिरीयल नंबर, रॅम, डिस्कचा प्रकार, खरेदीचं वर्ष, वॉरंटी संपण्याची तारीख, आणि स्थिती. स्टिकर पुसला गेला असेल तर सिरीयल नंबर बहुधा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) मिळतो. फक्त संगणक मोजून थांबू नका. स्विच, वायफायची यंत्रं, यूपीएस, स्कॅनर, प्रोजेक्टर हेही पैसे देऊनच आणलेले असतात. कपाटांवर, जिन्याखाली आणि सभागृहाच्या मागच्या खोलीतही बघा.

पेटीबंद माल सापडला तर त्याची वेगळी यादी करा. वॉरंटी साधारणपणे माल पाठवल्याच्या किंवा पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, पेटी उघडल्यापासून नव्हे. दहा महिने सील न तोडलेल्या संगणकाची दहा महिन्यांची वॉरंटी कोणीही न वापरता संपलेली असते. अशा पेट्या असताना नवी मागणी पुढे पाठवणं मला तरी पटत नाही.

तपासा: प्रत्यक्ष मोजणी, रजिस्टर आणि एएमसीचं जोडपत्र या तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी मांडा. ते सहसा जुळत नाहीत. फरक एकगठ्ठा ‘समायोजित’ करू नका, ओळीओळीने शोधा. भंगारात गेलेल्या संगणकांची एएमसी सुरूच आहे आणि वॉरंटीतल्या संगणकांचीही भरली जाते आहे, हे दोन प्रकार फार सर्रास सापडतात. कारण बहुधा एकच असतं: नूतनीकरणाच्या टिपणीवरचे ‘मागील वर्षाप्रमाणे’ हे शब्द.

## टप्पा २: ‘संगणक स्लो आहे’ याचं निदान

बदलीच्या मागणीमागे बहुतेक वेळा हेच एक वाक्य असतं. ते खोटं नसतं, पण तेवढ्यावर यंत्र बदलणं म्हणजे ताप आला म्हणून घर बदलण्यासारखं आहे.

तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा आणि त्याचं रोजचं काम त्यालाच करू द्या: ब्राउझर, हजेरीची प्रणाली, एखादी मोठी एक्सेल फाइल. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या टॅबवर नजर ठेवा. साधारण चार चित्रं दिसतात.

प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आहे, पण डिस्क शंभर टक्क्यांना चिकटून बसली आहे आणि तिच्या नावापुढे एचडीडी लिहिलं आहे: दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, बाकी यंत्र बहुधा ठीक असतं.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर: रॅम वाढवा. मागवण्याआधी आत कोणत्या पिढीची रॅम आहे ते बघा, कारण डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही. मोकळा स्लॉट आहे का तेही पाहा. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

प्रोसेसरच सतत शंभर टक्क्यांवर: आधी कोणता प्रोग्राम तो खातो आहे ते बघा. दोन अँटीव्हायरस एकमेकांना तपासत बसलेले मिळाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. रोजच्या कामानेच प्रोसेसर दमत असेल तर मात्र यंत्र बदलण्याची मागणी खरी आहे.

सगळे आकडे खाली आणि तरी पडदा अडकतो: दोष नेटवर्कचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा. नवा संगणक आणला तरी तोही तसाच अडकणार.

तपासा: तीच प्रणाली त्याच वेळी कार्यालयातल्या सगळ्यात नव्या संगणकावर उघडा. तिथेही तेवढाच वेळ लागला, तर ही खरेदीची फाइल नाही, नेटवर्कच्या तक्रारीची फाइल आहे.

सावधान: डिस्क बदलण्याआधी बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप गृहीत धरू नका.

मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस ‘संचासोबत’ बदलण्याची सवय मोडा. चांगला मॉनिटर दोन संगणकांचं आयुष्य पुरतो. यूपीएसचंही तसंच: त्यातली लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत दमते, लोक मात्र आख्खा यूपीएस निर्लेखित करतात, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढतात. बॅटरी बदलून पाहा, आणि लेझर प्रिंटर त्याला जोडलेला असेल तर आधी काढा. तापताना तो एकदम भरपूर वीज ओढतो.

आता विंडोज १०. त्याला मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या एका तारखेवर बोट ठेवून सरसकट बदलीचे प्रस्ताव निघाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो हे खरं. पण कित्येक यंत्रांत टीपीएम असतो आणि बायोसमध्ये तो बंद ठेवलेला असतो. मोजणीच्या यादीतलं प्रत्येक यंत्र तपासून दोन गट करा. जे खरोखर पात्र नाहीत त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत: ठरावीक मुदतीचे सशुल्क सुरक्षा अपडेट, फक्त ब्राउझरवर काम असेल तर लिनक्स ही विंडोजऐवजीची खुली प्रणाली, किंवा बदली. अपडेट थांबलेलं यंत्र तसंच नेटवर्कवर चालवत राहणं ही काटकसर नाही.

लिनक्सची वाट घेणार असाल तर क्रम पाळा. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने आधी ओपनऑफिस आणि फायरफॉक्स कर्मचाऱ्यांच्या हाताखाली आणलं, आणि २००८ पासून खालची प्रणाली उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर नेली. रोजचे प्रोग्राम तेच राहिल्यामुळे शेवटचा बदल सोपा गेला. म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले, पण २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव केला. म्हणून टिपणीत ‘मोफत’ हा शब्द लिहू नका. प्रशिक्षण, जुने नमुने बदलणं आणि बाहेरून येणाऱ्या फाइली यांचा खर्च धरून मगच तुलना करा.

## टप्पा ३: लायसन्स आणि सबस्क्रिप्शन

यंत्रं निदान धूळ खाताना दिसतात, लायसन्स तीही खात नाहीत. अमेरिकेत तर संघीय खात्यांनी सॉफ्टवेअर लायसन्सची यादी ठेवावी यासाठी २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

चार रकाने पुरेत: कोणाच्या नावावर, कोणती आवृत्ती, शेवटचं लॉगिन केव्हा, नूतनीकरण केव्हा. शेवटच्या लॉगिनची माहिती बहुतेक प्रणालींच्या ॲडमिन पानावर मिळते. नव्वद दिवस ज्याने वापर केला नाही त्याचं लायसन्स काढून घ्या. त्याला विचारत बसू नका, काढा आणि कळवा. लागलं तर तो लगेच येतो. निवृत्त आणि बदलून गेलेल्यांची खाती याच फेरीत बंद होतात. पण आधी त्यांच्या फाइली आणि मेल संस्थेच्या खात्यात हलवा.

आवृत्तीही बघा. जो फक्त पत्रं वाचतो आणि फॉर्म भरतो त्याला सगळ्यात वरचा पॅक कशाला? नव्या संगणकासोबत विंडोज आलेलं असताना निविदेत ते वेगळ्या ओळीत पुन्हा मागितलेलं नाही ना, हेही पाहा. क्लाउडवर चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर चाचणी संपल्यावर कोणी बंद केला का? त्याचं बिल दर महिन्याला थोडं थोडं येतं, म्हणून डोळ्यावर येत नाही.

सावधान: आपोआप नूतनीकरण होणाऱ्या करारांत नकार कळवायची मुदत करार संपायच्या बरीच आधी असते. कॅलेंडरवर ती तारीख लिहा, करार संपण्याची नव्हे.

## टप्पा ४: गरज एका पानावर

आता कुठे लिहायला बसायचं. पान एकच, आणि त्यावर ब्रँड नाही, प्रोसेसरचं नाव नाही, किंमतही नाही. कोण वापरणार, कोणत्या कामाला, दिवसाचे किती तास, आज काय अडतं, आणि घेतलं नाही तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘संस्थेचं आधुनिकीकरण रखडेल’ असं आलं तर प्रस्ताव परत पाठवा.

पान भरायचं कोणी? वापरणाऱ्याने. त्याला लिहायचा कंटाळा असेल तर तो बोलेल तसं लिहून घ्या, पण कार्यालयीन भाषेत सजवू नका. ‘दाखला छापायला दुसऱ्या खोलीत जावं लागतं’ हे वाक्य ‘कार्यक्षमतावृद्धीकरिता’ या शब्दापेक्षा लाखमोलाचं आहे, कारण त्यातून कळतं की हवा आहे तो प्रिंटर, संगणक नव्हे.

मोठ्या खरेदीत हे पान वगळलं की काय होतं ते लॉस एंजेलिसच्या शाळांनी दाखवलं. तिथल्या शालेय जिल्ह्याने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायची योजना सुरू केली. अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर तेव्हा अपुरं होतं. मुलांनी काही आठवड्यांतच आयपॅडवरचे निर्बंध काढून टाकले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये करार थांबवावा लागला. यंत्रं चांगली होती. ती घरी न्यायची का, शिकवणार काय, यांची उत्तरं खरेदीनंतर शोधली गेली.

तपासा: भरलेलं पान पहिल्या टप्प्यातल्या यादीशेजारी ठेवा. मागितलेली वस्तू दुसऱ्या विभागात पडून असेल तर हस्तांतरणाची टिपणी लिहा, खरेदीची नाही.

## टप्पा ५: पूर्ण आयुष्याचा हिशेब

सगळ्यात चांगलं उदाहरण प्रिंटरचं. स्वस्त प्रिंटर, महाग टोनर. तुलना यंत्राच्या किमतीची करू नका, पाच वर्षांत छापल्या जाणाऱ्या पानांची करा: यंत्र, टोनर, ड्रम, दुरुस्ती, सगळं मिळून एका पानाला किती. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरच्या टोनरवर लिहिलेली पानसंख्या आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकाने मोजलेली असते आणि त्यातली पानं साधारण पाच टक्के शाई धरून आखलेली असतात. रेघा-चौकटींनी भरलेले फॉर्म छापणाऱ्या कार्यालयाला तेवढी पानं कधीच मिळत नाहीत. शिवाय यंत्रासोबतचा पहिला टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो.

टेबलागणिक प्रिंटरऐवजी मजल्यागणिक एक, आणि दोन्ही बाजूंची छपाई आपोआप. कुरकुर होते. महिन्याभरात थांबते.

## टप्पा ६: तांत्रिक तपशील

कॅटलॉगमधून उतरवलेला तपशील ओळखायला सोपा. टेबलावर कायम बसणाऱ्या यंत्राचं वजन दशांशात दिलेलं असतं. असा तपशील एकाच कंपनीला पुरा करता येतो आणि मग भाव तीच ठरवते. मागणी ‘किमान’ या शब्दात करा आणि निविदा काढण्याआधी तीन वेगवेगळ्या उत्पादकांचं एकेक मॉडेल त्यात बसतं का ते स्वतः पडताळा. बसत नसेल तर कोणती ओळ आड येते ते शोधून ती खोडा.

## टप्पा ७: सॉफ्टवेअर बनवून घेताना

इथे नुकसान मोजायला शून्यं पुरत नाहीत. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने व्हर्च्युअल केस फाइल ही तपासाच्या फाइलींची प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर घालवून २००५ मध्ये सोडून दिली. काम चालू असताना मागण्या बदलत राहिल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याची वेतन प्रणाली मार्च २०१० मध्ये सुरू झाली आणि कर्मचाऱ्यांना चुकीचे पगार गेले, काहींना गेलेच नाहीत. तिचा एकूण भुर्दंड सुमारे १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरला गेला. चाचणीत दोष सापडले नव्हते असं नाही. सापडले, पण सुरू करायची तारीख गाठायला त्यांची तीव्रता कमी दाखवली गेली. कॅनडाची फिनिक्स वेतन प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली ती वर्षाला सुमारे सात कोटी कॅनडियन डॉलर वाचवायला. एका खात्यात आधी प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहायचं ठरलं होतं, ते रद्द केलं गेलं. पुढे ती निस्तरण्यात बचतीच्या कित्येक पट पैसा गेला.

तुमची संस्था एवढी मोठी नसेल, चुका त्याच असतात. म्हणून:

१. पहिला कार्यादेश एका शाखेच्या एका कामापुरता द्या. ते महिनाभर खऱ्या नोंदींवर चालू द्या, मगच पुढचं.

२. दोषांची प्रतवारी करारातच लिहा: पैसे चुकणं किंवा नोंद हरवणं म्हणजे ‘गंभीर’, आणि एक जरी गंभीर दोष शिल्लक असेल तर प्रणाली सुरू होणार नाही. ही प्रतवारी बदलायचा अधिकार प्रकल्पप्रमुखाला देऊ नका.

३. जुनी पद्धत निदान दोन पगारांपर्यंत किंवा दोन पूर्ण फेऱ्यांपर्यंत शेजारी चालू ठेवा आणि दोन्हींचे निकाल ताडा.

४. बाहेर पडायचा रस्ता आधी बांधा. सगळा डेटा सीएसव्हीसारख्या (साध्या मजकुरातला तक्ता) खुल्या स्वरूपात, रकान्यांच्या अर्थासह, मागाल तेव्हा मिळाला पाहिजे. ॲडमिन पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात संस्थेकडे. संकेतस्थळाचं डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर. ते विक्रेत्याच्या खासगी ईमेलवर असलं तर विक्रेता बदलता येत नाही, त्याच्याशी वाटाघाटीच कराव्या लागतात.

सावधान: चौथा मुद्दा कराराच्या शेवटी बघू म्हणून ठेवला तर तो कधीच होत नाही. शेवटचा हप्ता त्याच्याशी बांधा.

## टप्पा ८: माल ताब्यात घेणं

चलनावर सही करताना ‘पेट्या मिळाल्या, तपासणी बाकी’ असं लिहा. ‘चालू स्थितीत मिळाले’ हे तपासणीनंतरचं वाक्य आहे. मग प्रत्येक यंत्र उघडा: सिरीयल नंबर बिलाशी, रॅम आणि डिस्क कार्यादेशाशी, विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं आहे का, वॉरंटीची तारीख उत्पादकाच्या संकेतस्थळावर काय दिसते. नमुना म्हणून वरच्या दोन पेट्या उघडून बाकीच्या मान्य करू नका. रजिस्टरमध्ये नोंद झाल्यावरच देयक पुढे पाठवा.

## टप्पा ९: निर्लेखन

जुनं यंत्र काढताना क्रम असा: एएमसीच्या यादीतून नाव कमी, लायसन्स मोकळं, चालू रॅम आणि एसएसडी काढून सुट्या भागांत जमा, मग डेटा पुसणं, शेवटी रजिस्टरमधली नोंद बंद आणि यंत्र अधिकृत ई-कचरा संकलकाकडे. पहिली दोन कामं राहिली की पुढच्या वर्षी टप्पा एकमध्ये तीच यंत्रं पुन्हा भेटतात.

नुसतं फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा पूर्ण ओव्हरराइट (जुन्या डेटावर नवं लिहिणं) पुरेसं आहे. एसएसडीवर त्याचा भरवसा नाही, तिथे उत्पादकाची सिक्युअर इरेज आज्ञा वापरा. बंद पडलेली डिस्क फोडावीच लागते. आणि मोठ्या फोटोकॉपी यंत्रांतही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते, जिच्यावर कॉपी केलेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात. भाड्याचं यंत्र परत पाठवताना ती पुसल्याचं लेखी पत्र कंपनीकडून घ्या, आणि पत्र हातात आल्यावरच गेटपासवर सही करा.